गावपळणीतलं महाबळेश्वर

सोमवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

प्रिय आनंदी,

आधी एवढं वाच, की आमच्याकडे सगळे बरे आहेत. पत्र म्हटलं की माणूस दचकतं, आणि शेजारच्या घरातून आलेलं पत्र म्हटल्यावर तर वैनीचं डोकं फिरलं असंच तुला वाटेल. तू आडाळ्यावर नारळ खवायला बसलीस की तो आवाज मला माझ्या चुलीपाशी ऐकू येतो. हाक मारली तर तू बसल्या जागेवरून ओ देशील. पण तेच तर आहे. माझी हाक तुला ऐकू जाईल तशी ह्यांनाही ऐकू जाईल. फोन करावा तर माझा आवाज मधल्या दगडी गडग्यावरून तुझ्याकडे आधी पोचेल आणि फोनमधून मागाहून. फोनवर लिहून पाठवावं तर त्या फोनला घरातल्या सगळ्यांचे हात लागलेले असतात. रिया त्यावर कार्टून बघते, प्राजक्ता त्यावरून गॅस नोंदवते, आणि हे चष्मा लावून कोणाचं काय आलं ते वाचत बसतात. म्हणून मॅट्रिकच्या परीक्षेनंतर इतकं लांबलचक आजच लिहायला बसले आहे. कागद आणायला कट्ट्याच्या बाजारात कोण जाणार, म्हणून हिशेबाच्या जुन्या वहीतली उरलेली कोरी पानं काढली. यशोदा उद्या मासे घेऊन येईल. ती आधी माझ्या दारात बसते आणि मग तुझ्या. तिच्याकडे देते. पिशवीत घालून दिलंय, तरी बांगड्याचा वास आला तर सोसून घे.

तर माझा राग कसला ते सांगते. सुशांतने महाबळेश्वर काढलंय. दिवाळीनंतर एक दिवस तारकर्लीहून कामावरून आला आणि जेवताना म्हणतो, "आये, ह्या वर्साक गावपळण आसा. गाव तर सोडूचोच आसा. मगे झोपडीत डास मारीत बसण्यापेक्षा थंड हवेत जावया." मला वाटलं थट्टा करतोय. प्राजक्ता पडली कोल्हापूरकडची, आणि लग्न होऊन आली ती मागच्या गावपळणीनंतर. तिला बिचारीला काही ठाऊक नाही. मी तिला समजावून सांगितलं की बाई, देवाचा कौल झाला की गाव रिकामा करायचा. तीन दिवस, तीन रात्री. माणूस, गुरं, कोंबडी, कुत्रं, कोणी म्हणून वेशीच्या आत राहायचं नाही. चूल विझवायची, दाराला कडी घालायची आणि हद्दीबाहेर झोपडी बांधून राहायचं. चौथ्या दिवशी देवाने पुन्हा कौल दिला तरच घरी यायचं. तीन दिवस गावात देव एकटा राहतो. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, मग तिथं झोपडीत बाथरूम कसं करायचं?" त्यावर सुशांत हसला आणि माझा पक्ष तिथेच निम्मा पडला.

निम्मा म्हणते, कारण अजून हे बोलायचे होते. मला खात्री होती की हे ताट सोडून उठतील. कुडाळपलीकडे भजनाशिवाय कधी पाऊल न टाकलेला माणूस. सलोनीच्या लग्नाच्या बोलणीला नांदगावला जायचं तरी "लांब आसा" म्हणून कुरकुरलेला माणूस. तो महाबळेश्वरला कशाला जातो? पण ह्यांनी भाताचा घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरोबर बोलता तो. देवान गाव सोडूक सांगल्यान. खंय जावचा ता खंय सांगल्यान?"

आनंदी, ते असं का म्हणाले हे मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक आहे. ओहोळापलीकडे काजूच्या मळ्यात आपली झोपडीची जागा एकच आहे. आजेसासऱ्यांना पलीकडच्या गावच्या माणसांनी ती दिली, आणि एका घराण्याला एकच झोपडी असं तेव्हाच ठरलं. शेत वाटलं, आंब्याची कलमं वाटली, गुरं वाटली, मधे गडगा आला. गणपतीसुद्धा वेगळे झाले. अक्षया तापाने फणफणली तेव्हा भावोजींनी अकरा दिवसांचा नवस बोलला, आणि ह्यांनी पाच दिवसांचा रिवाज मोडायचा नाही म्हणून हट्ट धरला. चूक कोणाची म्हणायची? एकाला मुलीचं बोललेलं फेडायचं होतं, दुसऱ्याला बापाचं चालवायचं होतं. तेव्हापासून चतुर्थीला दोन घरांत दोन आरत्या चालतात. आमची संपते तेव्हा तुमची अर्ध्यावर असते, आणि मी तबक हातात धरून तुमची संपेपर्यंत उभी राहते हे तुला आज सांगते. पण त्या झोपडीची वाटणी झाली नाही. ती देवाच्या हुकमाची जागा. तिथे भाऊ भावाला जा म्हणू शकत नाही.

मागची गावपळण मला अजून स्वच्छ दिसते. सासूबाई होत्या तेव्हा. मधोमध त्या बसल्या, एका अंगाला हे आणि दुसऱ्या अंगाला भावोजी, एकमेकांकडे पाठ करून. आपण दोघी एकाच चुलीवर भात रांधत होतो आणि तोंडाला पदर लावून हसत होतो. माशाचं कालवण वाढायला गेले तर हे मला सांगतात, "त्येका इचार, निस्त्या आणखी व्हया काय," आणि भावोजी तुला सांगतात, "त्येका सांग, माझा पॉट भरला." मधे हातभर जागा! सासूबाई शेवटी ओरडल्या, "एकाच पोटातसून दोघेय इलात तेव्हा मधे गडगो नाय हुतो रे!" मग तिसऱ्या संध्याकाळी सगळ्या माळावर दिवे लागले, पलीकडच्या झोपडीत कोणीतरी भजन धरलं, आणि ह्यांना राहवेना. हे गायला लागले. चार ओळी झाल्या नसतील, तोच भावोजींनी तेलाचा रिकामा डबा उपडा घातला आणि त्यावर ठेका धरला. तोंड तिकडेच हं, पण ठेका इकडचा. असं भजन मी त्यानंतर ऐकलं नाही. आता हे दुसऱ्या पखवाजवाल्याला घेऊन जातात आणि घरी येऊन म्हणतात, "तो वाजयता, पण माझ्यावांगडा नाय वाजयत." वाजवतो पण बरोबर वाजवत नाही म्हणजे काय, ते मी विचारत नाही.

त्या वेळी मी देवाला म्हटलं होतं, पुढच्या गावपळणीला ह्यांची तोंडं एकमेकांकडे असू देत. सासूबाई गेल्या. आता मधे बसायला कोणी नाही. म्हटलं आता तरी बसतील. आणि ह्यांनी पळवाट काढली ती कुठची, तर महाबळेश्वरची.

पुढचं ऐकलंस तर तुला हसू येईल, मला मात्र नुसता संताप येतो. सगळं ठरवणं फोनवर चालतं. एक ग्रुप केलाय, त्यात सुशांत, प्राजक्ता, सलोनी, जावई आणि मी. मला घेतलंय ते फक्त वाचायला. सुशांत दिवसभर तारकर्लीला लॉजवर मुंबई-पुण्याच्या माणसांना होडीत बसवतो. आणि महाबळेश्वरला जाऊन पहिलं काय करायचं, तर तलावात बोटिंग. ते वाचून हे ओरडले, "होडयेत बसाक घाट चढान जावचा? ही खंयची अक्कल?" मला वाटलं आता मोडतंय. कुठचं मोडतंय! रियाने "आजोबा, घोडो पण आसा" म्हटलं आणि हे विरघळले. खोल्यांचं तर विचारू नकोस. दरी दिसते ती खोली महाग, दरी दिसत नाही ती स्वस्त. मी म्हटलं, स्वस्त खोली घ्या आणि बाहेर येऊन दरी बघा, दरी काय कोणी झाकून ठेवलीय? तर सलोनी लिहिते, "आई, तुला नाही कळणार." मला काय कळत नाही? ह्या घराचा हिशेब मी ठेवते, नाश्ता फुकट म्हणजे तो कुठल्या रकमेत मिसळलाय एवढं मला कळतं. मग स्वेटर. आपल्या घराण्यात स्वेटर कोणाकडे असतो? सलोनीच्या बाळाची एक कानटोपी निघाली आणि ह्यांचा एक मफलर, तोही भजनात घसा धरू नये म्हणून घेतलेला. प्राजक्ता ऑनलाइन मागवते म्हणाली. तीन दिवसांसाठी स्वेटर, आणि पुढे आपल्या ह्या घामात तो काय कोकमं वाळवायला घालायचा? जाण्याच्या रस्त्यावरून दोन दिवस गेले. जावई म्हणतात फोंडा घाट चढून कोल्हापूरवरून, सुशांत म्हणतो हायवेने पोलादपूरला जाऊन तिथून घाटाने. रियाला कणकवलीला जाईस्तोवर दोनदा उलटी होते. तिचा विचार कोणी केला नाही. आणि मी आयुष्यात एकदा म्हटलं, की तिथे जुन्या महाबळेश्वराचं देऊळ आहे, कृष्णामाई जिथून निघते ती जागा आहे, तेवढं तरी करा. त्यावर उत्तर आलं, टाइम उरला तर. देवाच्या हुकमाने गाव सोडायचा, आणि देवासाठी टाइम उरला तर!

सगळ्यात जास्त झोंबलं ते निराळंच. मी सुशांतला म्हटलं, अरे जायचं तर जा, मे महिन्यात जा, कोणी अडवलंय? तर म्हणतो, "आये, म्हाबळेश्वराक जातंय म्हणून मालक रजा देवचो नाय. गावपळण म्हटल्यार देता." म्हणजे देव काय ह्यांचा रजेचा अर्ज आहे? त्या दिवशी मी सांजवात लावताना हात जोडून देवाची माफी मागितली.

तरी मी हरले नव्हते. गुरवाला जाऊन विचारलं, की बाबा, हद्दीबाहेर म्हणजे झोपडीतच राहायला हवं असा काही नियम? मला वाटलं होतं तो म्हणेल, होय. पण तो म्हणाला, "वेशीभायर खंयव रवा. पूर्वी लोकांक जावक खंय हुता, म्हणून झोपडी." देवळातून येताना पाय ओढत आले.

मग गेल्या आठवड्यात कौलाचं झालं. तू देवळात होतीस, मागच्या खांबाशी. सुशांतने काय केलं होतं ठाऊक आहे? कौल लागायच्या आधीच खोल्या बुक करून मोकळा. सगळा गाव म्हणत होता ना, त्याच शुक्रवारी निघायचं म्हणून, मग त्यानेही तोच शुक्रवार धरला. देवाला विचारायचं राहिलंय हे कोणाच्या ध्यानातच नाही. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं आणि पाकळी डावीकडची पडली. देवाने नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, तर पुढच्या, म्हणजे आता येत्या शुक्रवारला उजवा कौल दिला. तू माझ्याकडे बघितलंस, मी मान खाली घातली, कारण मला हसू आवरत नव्हतं. म्हटलं, रवळनाथा, तुझे किती उपकार मानू! ह्या शुक्रवारी त्यांना महाबळेश्वर करू दे, पुढच्या शुक्रवारी आम्ही झोपडीत. घरी आले तर सुशांत फोनवर हॉटेलवाल्याशी बोलत होता. पैसे परत मिळायचे नाहीत, पण तारीख बदलून देतो म्हणाला हॉटेलवाला. आणि मुलाने बदलून घेतली. माझं सुख मोजून देवळापासून घरापर्यंत टिकलं.

आता तांबूचं. इथे सगळं अडलं, आणि मला पुन्हा देव दिसला. सगळं ठरलं, गाडी ठरली, रियाला घोड्यावर बसवायचं ठरलं, आणि परवा सकाळी हे गोठ्यात वैरण घालत होते तेव्हा मी सहज विचारलं, "आणि तांबूक खंय ठेवतलास?" आनंदी, त्यांचा हात तसाच थांबला. कोणाच्या डोक्यात गाय आलीच नव्हती. कोंबड्या यशोदा घेऊन जाईन म्हणाली, कुत्रा गाडीत घालू म्हणाले. पण गाय? घरी ठेवायची सोय नाही, तीन दिवस गावात शेण पडता कामा नये. आणि तीही दिवस भरत आलेली. दूध कधीच आटलंय, कास उतरली आहे, आज की उद्या सांगता येत नाही. सुशांत म्हणतो, टेम्पोत घालून नांदगावला सलोनीच्या सासरी पाठवू. गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले अशा दिवसांत टेम्पोत चढवू नका. दूधवाल्या सिद्धेशच्या गोठ्यात कट्ट्याला ठेवावी, तर त्याने लांबूनच हात जोडले. "काका, व्यायलेली घेतंय. व्यावची आसा ती नको."

मग हे वाडीत फिरले. मी दारात उभी राहून बघत होते, एका घरातून निघायचे, दुसऱ्यात शिरायचे. प्रत्येकजण आपापल्या झोपडीकडे गुरं नेणारच आहे, एक गाय त्यात जड नव्हती. पण सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. खालच्या घरातल्यांनी दिलं, वरच्या घरातल्यांनी दिलं, आणि ज्याच्याबरोबर हे रोज संध्याकाळी पारावर बसतात त्यानेही तेच दिलं. "सख्खो भाव बाजूक आसा मरे. त्येका इचार." मला वाटतं वाडीने हे आपसात ठरवलंच असणार. ह्यांचा चेहरा असा झाला की मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आत गेले. आतून ऐकते तर आपल्याशीच म्हणत होते, "बाबल्याक इचारूचा? मेलंय तरी इचारूचंय नाय."

हे शनिवारचं. काल रविवारी जे झालं ते तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा कट्ट्याला बाजारात होतीस. भावोजी झोपडीसाठी वासे घेऊन निघाले होते. एकटे. अक्षया गोव्यात, तिला रजा नाही, म्हणून ते एकटेच खांद्यावर दोन वासे घेऊन परसातून उतरत होते. मी वाल निवडत होते, हे गडग्यापाशी मिश्री लावत उभे होते. भावोजी फणसापर्यंत गेले आणि थांबले. वासे खाली ठेवले. मग दगडावर बसले. मला वाटलं, तंबाखू काढतील. पण त्यांनी काही काढलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बसले, तोंड उघडं. दर गुरुवारी तुमच्या दारात रिक्षा येते, ते धुतलेला सदरा घालून जातात आणि संध्याकाळी उतरताना रिक्षाचा दांडा धरून उतरतात, हे मी बघते. तू काही सांगितलं नाहीस. कट्ट्याच्या स्टॉपवर भेटतो तेव्हा तू मेथीचा भाव सांगतेस आणि मी बांगड्याचा, आणि एसटी येते. पण काल ह्यांनीही बघितलं. मिश्रीचं बोट तोंडात तसंच राहिलं होतं, लाळ हनुवटीवर आली तरी पुसली नाही. भावोजी बसले होते तेवढा वेळ हे उभे होते. ते उठले, वासे खांद्यावर घेतले, ओहोळाकडे उतरून दिसेनासे झाले, तेव्हा हे आत आले. रियाने पेन्सिलीला टोक काढून मागितलं, तिच्यावर उगीच खेकसले, आणि मग ती रडायला लागली तशी तिला मांडीवर घेऊन टोक काढत बसले. पेन्सिल सगळी संपली काढून काढून.

आज सकाळी पेज जेवताना म्हणाले, "उद्या सांजेक मी बाबल्याक गायीचा इचारतंय." एवढंच. वर बघितलं नाही. सुशांत आनंदाने म्हणाला, "बाबा, बेस्ट! काका नाय म्हणाचो नाय." प्राजक्ताने लगेच ग्रुपवर टाकलं, गायीचं जमलं. आणि मी? मला आधी भरून आलं, की इतक्या वर्षांनी हे गडग्याशी जाऊन भावाचं नाव घेणार. आणि पुढच्या क्षणी मी धास्तावले. कारण भावोजींचा स्वभाव मला ठाऊक आहे. हे "बाबल्या" म्हणून तोंड उघडतील न उघडतील, तोच ते म्हणतील, "हाड गाय, मी बघतंय." आण म्हणून दावं हातात घेतील, एक शब्द जादा विचारणार नाहीत. आणि ह्यांचं काम होईल. शुक्रवारी हे गाडीत बसतील, भावोजी दम लागलेल्या छातीने एक गाभण गाय घेऊन काजूच्या मळ्यात बसतील, आणि पुढे दोघेही म्हणतील की आमच्यात आता काही नाही, गायसुद्धा ठेवून घेतली. झोपडीत मात्र एकजण नसेल. भावोजींचा चांगुलपणाच आड येणार आहे, आनंदी. म्हणूनच घाईघाईने हे लिहायला बसले.

उद्या संध्याकाळच्या आत भावोजींना सांग, वैनीने पदर पसरून मागितलंय, की लगेच हो म्हणू नका. नाहीही म्हणू नका, नाही म्हटलंत तर हे पुन्हा तिकडे वळून बघणार नाहीत. एवढंच म्हणा, "गाय हाड, पण ती माझ्या हाताक रवाची नाय. व्याली तर माका उठबस झेपाची नाय. तुका रवाक व्हया." म्हणजे ह्यांना तिथे राहावंच लागेल, आणि यात खोटं काही नाही. तांबूची सगळी बाळंतपणं ह्यांनीच काढली, दुसऱ्या कोणाला ती जवळ येऊ देत नाही हे हे स्वतःच गावभर सांगत फिरतात, मग आता कोणत्या तोंडाने नाही म्हणतील? आणि झेपत नाही हे भावोजींनी स्वतःच्या तोंडून ह्यांना सांगायला हवं. ह्यांना ते दिसलंय, पण कोणी सांगितल्याशिवाय ह्यांना विचारता येत नाही, असा हा माणूस आहे. पोरं जाऊ देत महाबळेश्वरला, घोड्यावर बसू देत, दरी बघू देत. माझी मुळीच हरकत नाही. आमच्या दोघांच्या जागा रिकाम्या गेल्या तर गेल्या, तो खर्च मी देवाच्या नावावर घालीन. आजाराचं मी तुला विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर झोपडीत सांग, तिथे तीन दिवस आपल्याला दुसरं काम काय? पण पुढची गावपळण देव कधी मागेल आणि तेव्हा आपल्यातलं कोण असेल, हे तुझ्याही मनात येतं ना? माझ्या तर काल दुपारपासून दुसरं काही येत नाही. देवाला गाऱ्हाणं घातलंय, पण सगळा भार एकट्या त्याच्यावर टाकवेना, म्हणून तुझ्याकडे आले. तांदूळ आणि डाळ मी आणते, नारळ तुझे. आणि तू आधी पोचशील तेव्हा एक कर, चूल एकच मांड. दोन मांडल्यास, तर हे दोघे दोन चुलींपाशी जाऊन बसतील आणि आपण मधल्यामधे येरझारा घालत राहू.

तुझीच,
तुळसावैनी